थेंबाचं ऑडिट

थेरगावात स्कूटरखाली पेट्रोलचा थेंब दिसला तर तो पुसायचा नसतो. त्याच्याभोवती गोल करून उभं राहायचं असतं. डांगे चौकातून एक रस्ता हिंजवडीला जातो, एक चिंचवडला आणि आडवा औंध-रावेत. पण कुठूनही आलेला माणूस शेवटी 'कंपनीतला'च निघतो. आमच्या सोसायटीत मजल्यागणिक एकेक खातं आहे. पहिल्यावर टूलरूम, दुसऱ्यावर क्वालिटी, तिसऱ्यावर स्टोअर्स आणि सगळ्यात वर एक आयटीवाला मुलगा. रिटायर होताना काकामंडळींना शाल-श्रीफळ मिळालं, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. काम मात्र कुणी दिलं नाही. ते आमच्या चेतकने दिलं.

चेतक सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची. चेतक आकुर्डीच्या कारखान्यातून पहिल्यांदा बाहेर पडली १९७२ साली, राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन. पुढे कित्येक वर्षं परिस्थिती अशी होती, की घोडा लवकर मिळाला असता. नंबर लावायचा आणि वाट बघायची. 'नंबर लावला तेव्हा मी सडा होतो, गाडी आली तेव्हा हिच्या नवऱ्याला पुढे उभा करून आणली,' असं अण्णा अजूनही पाहुण्यांना सांगतात. आता ऐंशी ओलांडल्यावर ते चालवत नाहीत, पण दर रविवारी ती सुरू झालेली त्यांना ऐकायची असते. किक मारायचं खातं माझ्याकडे.

गळतीचा दोष गाडीला देण्यात अर्थ नाही. टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून द्यावं लागतं. गाडी उभी राहिली की पेट्रोल उडून जातं आणि ऑइल मागे राहून चिकटतं, लग्नघरी राहून गेलेल्या पाहुण्यासारखं. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. म्हणजे ऊस टाकीत उतरला! पश्चिम महाराष्ट्राचं राजकारण उसावर चालतं हे ठाऊक होतं, आता स्कूटरही चालते. फक्त जुन्या रबराला त्याची सवय नाही. ते कडक होतं, त्याचा भुगा पडतो आणि हा भुगा थेट कार्बोरेटरमध्ये जातो.

तिथे एक छोटीशी कुंडी असते, फ्लोट चेंबर. टाकी वर, कार्बोरेटर खाली, त्यामुळे पेट्रोल आपलं आपण उतरतं. कुंडी भरत आली की फ्लोट तरंगत वर येतो आणि एका इवल्याशा सुईला भोकात दाबून वाट बंद करतो. विल्हेल्म मायबाखने १८९३ मध्ये तुषार उडवणारा कार्बोरेटर केला. त्यातही फ्लोट होताच. सव्वाशे वर्षं जग या सुईच्या टोकावर गाड्या चालवत आलं. टोकाखाली कचऱ्याचा एक कण आला की मात्र सुई बसत नाही, कुंडी भरून वाहते आणि मेकॅनिक म्हणतो, 'ओव्हरफ्लो मारतोय.'

तर त्या रविवारी ओव्हरफ्लो मारत होता. आधी क्वालिटीवाले काका आले. त्यांनी मोबाइलवर सेकंद लावून मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजलं आणि लगेच 'का'ची चौकशी बसवली. कंपनीत पाच वेळा 'का' विचारलं की मूळ कारण सापडतं म्हणे. थेंब का पडतो? सुई बसत नाही. का बसत नाही? कचरा. कचरा का? टाकी साफ नाही. का नाही? गाडी फिरत नाही. का फिरत नाही? इथे सगळ्यांनी अण्णांकडे बघितलं आणि चौकशी तहकूब झाली.

टूलरूमवाल्या काकांचं म्हणणं, सुईची सीट बाजारातून आणूच नका, मी लेथवर काढून देतो, दोन मायक्रॉनच्या आत. लेथ कुठे आहे हे त्यांनी सांगितलं नाही. स्टोअर्सवाल्यांनी स्कूटरलाच 'नॉन-मूव्हिंग आयटम' ठरवून टाकलं. तोंडात विडी धरून आलेल्या जुन्या युनियनवाल्यांना मात्र सर्वानुमते गेटबाहेर काढण्यात आलं. आमच्या सोसायटीत एकमताने झालेला हा एकमेव ठराव.

तेवढ्यात आयटीवाला उतरला. खाली बघितलं, वर बघितलं आणि म्हणाला, ''आधी पेट्रोल बंद करून बघितलंत का?''

शांतता. एवढ्या वर्षांचा एकत्रित अनुभव तिथे उभा होता आणि पेट्रोलचा कॉक चालूच होता.

''पोरगा कामाचा आहे,'' अण्णा म्हणाले आणि खुर्ची मागवली. ''सूनबाई, पाना आण.''

पुढचं सगळं मी केलं, अण्णांच्या तोंडी हुकमावर. इंजिनाच्या बाजूचं झाकण, एअर फिल्टर, पेट्रोलची नळी, मग फ्लोट चेंबरचं झाकण. फ्लोट कानाशी धरून हलवायचा. आत खळखळलं तर भोक पडलंय, पेट्रोल भरलंय, आता तो तरंगणार नाही. आमचा खळखळला नाही, पण अण्णांची खात्री पटेना. तो गरम पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का बघायचं होतं. ''वहिनी, घरातलं एखादं पातेलं...'' असं टूलरूमवाले काका म्हणू लागले. मी नुसतं बघितलं. ते स्वतःच्या घरून पातेलं घेऊन आले. त्यावर त्यांच्याकडे नंतर काय झालं, ते भिंतीतून ऐकू आलं.

बुडबुडे नाहीत. मग झाकण उलटं धरलं, म्हणजे फ्लोटच्या वजनाने सुई बसते, आणि नळीच्या तोंडातून फुंकलं. हवा पार गेली तर सुई गेली. हवा छान पार गेली. पेट्रोलची चव संध्याकाळच्या आमटीपर्यंत राहिली. सुईच्या टोकाला गोल खाच पडली होती.

जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, तेही साफ करू म्हणून क्वालिटीवाल्यांनी साडीची टाचणी पुढे केली. अण्णा खुर्चीतून निम्मे उठले. ''जेटमध्ये टाचणी घालायची नाही! भोक मोठं होतं, मग जन्मभर पेट्रोल जास्त पिते. फुंकर मार.'' एवढ्या जोरात ते बऱ्याच दिवसांत बोलले नव्हते.

सुई आणि सीट नाना पेठेतून आणली. दुकानदाराने 'चेतक?' एवढंच विचारून न बघता हात मागे नेला आणि पुडी काढली. सल्लागारांच्या चहापेक्षा ती स्वस्त पडली. पुढच्या रविवारी बसवली, आणि स्कूटरखालची फरशी कोरडी राहिली. किक बसल्यावर निघालेल्या निळ्या धुराने वाळत घातलेल्या चादरींचा निषेध ओढवून घेतला, पण तो वेगळा मुद्दा.

१ एप्रिल २०२० पासून बीएस सहा हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. आकुर्डीतून आता विजेवरची चेतक निघते. आयटीवाल्याने तीच घेतली आहे. क्वालिटीवाले काका तिच्याभोवती फेरी मारून, खाली वाकून बघून आले. हिच्यात बघण्यासारखं काही नाही, असा त्यांचा अहवाल आहे.

तुमच्याकडे जुनी चेतक असेल तर उभी केली की कॉक बंद करत जा. तरीही गळू लागली, तर थेरगावात घेऊन या. सल्ला फुकट आहे, पातेलं मात्र तुमचं तुम्ही आणा.