पाल्य आठवीत गेल्यास : पंढरपूर व परिसरातील पालकांसाठी सूचना

आषाढीला लाखो माणूस आमच्याकडे उतरतं. त्याचं पाणी, चहा, झोपायची जागा, हरवलेली म्हातारी तिच्या दिंडीपर्यंत पोचवणं, सगळं आम्हाला अंगवळणी पडलंय. पण घरातलं तेरा वर्षांचं एक पोर गावातली शाळा सोडून पंढरपूरच्या हायस्कुलात जायला लागलं, की चार मोठी माणसं हवालदिल होतात. प्रस्तुत लेखक वाखरीचा रहिवासी असून हा अनुभव त्याने नुकताच घेतला आहे. सबब त्यास या विषयातला तज्ज्ञ समजावे.

पूर्वतयारी मे महिन्यातच सुरू करावी. पाल्याचं मन समजून घेण्याच्या भानगडीत इतक्या लवकर पडू नये, आधी शाळा सोडल्याचा दाखला समजून घ्यावा. दाखल्यावरच्या आणि आधारवरच्या नावात एका वेलांटीचा फरक असतोच. तो निस्तरेपर्यंत जून उजाडतो आणि मुलाशी बोलायचं आपोआप टळतं. दप्तर दोन मापं मोठं घ्यावं. ‘वाढत्या अंगाचं आहे’ हे वाक्य दुकानदारच म्हणेल.

पहिल्या दिवशी पाल्यास उपदेश करावा. तो निरुपयोगी असतो, पण केला नाही तर आजी रागावते. मी स्वतः सायकलच्या चेनला तेल घालता घालता वीस मिनिटं उपदेश केला. त्यात नव्या शाळेत तासागणिक शिक्षक बदलतात, एवढी एकच कामाची गोष्ट सांगायची राहिली. सात वर्षं एकच बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत बघितलेलं पोर ते. पहिल्या तासाची घंटा झाली, गणिताचे सर बाहेर पडले, तसं आमच्या चिरंजीवांनी दप्तर पाठीवर टाकलं आणि दारापर्यंत गेले. त्यांना वाटलं, शाळा सुटली. परत येऊन बसले तर समोर नव्या मॅडम. घाईत तोंडातून निघालं, “बाई, मी नवीन आहे.” सगळा वर्ग हसला. ‘बाई’ गावाकडं ठेवून यायचं असतं, शहरात ‘मॅडम’ चालतं, हे कुठल्याच पुस्तकात छापलेलं नाही. ही हकिगत त्यानं आम्हाला सांगितलीच नाही. आजीला सांगितली, तीही दिवे गेलेले असताना.

शाळेतून आलेल्या पाल्यास पुढील प्रश्न विचारू नयेत : कसं वाटलं, मित्र झाले का, डबा का उरला, क्लास कुठला लावायचा. आम्ही चारही विचारले. उत्तर चारही प्रश्नांचं मिळून एकच आलं, “काय नाही.” सेमी इंग्रजी घेतलं असल्यास गणिताला हात लावू नये. आमच्या वेळचा लसावि आता एलसीएम म्हणून वावरतो. ओळख दाखवायला गेलो तर तो आपल्याला ओळखत नाही.

एवढ्यावरून घरात वाद होतोच. मग तो मिटवायचा कसा? इथं माउलींच्या पालखीची रीत उपयोगी पडते. मुक्कामाच्या जागी समाज आरतीला सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. चोपदार दंड उंच करतात आणि एवढा मोठा समुदाय क्षणात चिडीचूप होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिकडं जातात, तक्रार ऐकतात, मार्ग काढतात. रात्रीच्या जेवणाला हाच प्रयोग करावा. सगळ्यांनी गप्प बसावं. टीव्हीसुद्धा. जो ताटावर वाटी आपटत राहील, त्याची काहीतरी तक्रार आहे असं समजावं. आमच्याकडं प्रयोग झाला तेव्हा वाटी माझ्या बायकोची वाजली आणि तक्रार माझ्याविषयी निघाली. पण पद्धत बरोबर आहे.

पुंडलिकाचा दाखला देणं मात्र टाळावं. आमच्या भागात प्रत्येक बाप कधी ना कधी ती चूक करतो. पुंडलिक आई-बापाचे पाय चेपत होता म्हणून देवाला विटेवर उभं राहावं लागलं, हे सांगायला सोपं आहे. पण आठवीतल्या पोराला कथेचा पहिला भागही माहीत असतो. हाच पुंडलिक आधी आई-बापाला छळत होता, आणि तो सुधारला तो बापाच्या भाषणानं नव्हे, कुक्कुट ऋषींच्या आश्रमात गेल्यावर. चिरंजीव दप्तर भरता भरता म्हणाले, “पप्पा, त्यानं देवाला थांबवलं होतं. तुम्ही जरा थांबलात तर काय होतंय?” यावर शास्त्रात उत्तर नाही.

आता वेळापत्रक. शाळा जूनच्या मध्याला उघडते आणि वारी मागोमाग येतेच. २०२३ साली एकादशी २९ जूनला आली, म्हणजे शाळा उघडून जेमतेम पंधरा दिवस. पोर कुठं रुळायला लागतं तोवर गावात माणसाला पाऊल ठेवायला जागा उरत नाही आणि शाळेला सुट्टी लागते. पालकांनी यावर हळहळ व्यक्त करावी. घडी बसायच्या आत मोडली, असं शेजाऱ्यांना सांगावं. मीही सांगितलं.

शेजारी निघून गेले आणि दारात चार सायकली येऊन थांबल्या. नव्या वर्गातली, शहरातली पोरं. एकानं ओरडून विचारलं, “वाखरी आहे का घरात?” वर्गात आमच्या पोराचं नाव वाखरी पडलं होतं. घरात कुणाला पत्ता नाही. बाजीराव विहिरीजवळचं रिंगण दिसायला कुठं उभं राहायचं, कुठल्या बांधावरून घोडा नीट दिसतो, धावून गेल्यावर टापांखालची माती घ्यायला कुठून घुसायचं, हे वाखरीच्या पोराला पाठ असतं. शहरातल्यांना नसतं. संध्याकाळी पाचही जण चिखलानं माखून परतले. मुठीत माती होती, ती आजीनं देव्हाऱ्यात ठेवली. रात्री घरात उतरलेल्या दिंडीतला एक म्हातारा आमच्या पोराला “माउली, जरा सरका” म्हणाला. चिरंजीव सरकले आणि आपली चादर घेऊन त्या चौघांबरोबर गच्चीवर झोपायला गेले.

शेवटची सूचना शाळा सुटताना पाल्यास आणायला जाणाऱ्यांसाठी. पौर्णिमेनंतर शाळा पुन्हा भरली. सायकल पंक्चर म्हणून मी गाडी घेऊन गेलो. फाटकाशी उभा राहिलो तर तो घोळक्यातून धावत आला आणि हळूच म्हणाला, “इथं नको. त्या कोपऱ्यावर थांबा.” कोपऱ्यावर चुरमुऱ्यांचं दुकान, समोर गुडघाभर डबकं. दुकानदारानं न विचारता एक वीट पुढं सरकवली. मी तिच्यावर चढलो. तोल जाऊ नये म्हणून हात आपोआप कमरेवर गेले. चिरंजीव फाटकाशी त्या चौघांशी बोलत होते. मध्येच वळून त्यांनी लांबूनच पंजा दाखवला, थांबा म्हणून.

वीट घरून नेऊ नये. तिथं मिळते.