संपादक पाहिजे, लेखक असल्यास उत्तम

विकिपीडियाच्या स्वयंसेवकांचं ‘साइनपोस्ट’ हे वार्तापत्र जानेवारी २००५ मध्ये साप्ताहिक म्हणून निघालं आणि पुढे काही काळ मासिकावर आलं. ज्ञानकोशात भर घालायला जगभरातून हजारो हात. बातमी लिहा म्हटलं की सगळ्यांच्या परीक्षा जवळ येतात. अशा रखडलेल्या चमूची सूत्रं हाती घेणाऱ्याचं अभिनंदन मात्र दणक्यात होतं. (त्यात सुटकेचा निःश्वासही असतो.) मग संपादक मजकूर मागतो, आठवण करतो, पुन्हा आठवण करतो आणि शेवटी रात्री बसून स्वतःच लिहितो. अंक निघाला की पहिली प्रतिक्रिया हजर: तिसऱ्या परिच्छेदात स्वल्पविराम चुकलाय. पगारच नाही, त्यामुळे कुणाचा कापता येत नाही. राजीनामा द्यावा, तर स्वीकारायला कोणी नसतं. इच्छुकांनी अर्ज करावा, निवड नक्की आहे.