परीक्षेला येणार नाही

ज्या मीटिंगच्या विषयपत्रिकेवर एकच विषय असतो, ती सगळ्यात लांबते. ‘पुढच्या वर्षी आठवीला इंग्रजी साहित्यात काय शिकवायचं’ एवढ्या एकाच विषयावर आमची मीटिंग शनिवारी सकाळी साडेनऊला सुरू झाली. दुपारचे अडीच वाजले तेव्हा दोन गोष्टींवर आमचं एकमत झालेलं होतं. फिल्टर कॉफी आणखी एकदा मागवायची आणि पंखा एकवर ठेवायचा.

आठवीच का, तर नववी आणि दहावी बोर्डाच्या मालकीची. तिथं शेक्सपिअरचं एक नाटक, काही कविता, काही कथा असं सगळं ठरलेलं. लेखी ऐंशी गुणांचं, अंतर्गत वीस गुणांचं. नाटकही आलटून पालटून येतं. बोर्डानं शायलॉक धाडला की आम्ही शायलॉक शिकवतो, ब्रूटस धाडला की ब्रूटस. कुरिअर आल्यावर वॉचमन सही करून घेतो, तेवढाच आमचा त्यात सहभाग. आठवीपर्यंत मात्र पुस्तकं शाळेनं निवडायची. म्हणजे आठवी हा आमच्या ताब्यातला शेवटचा गड. आणि या एका गडाला किल्लेदार पाच.

प्रिन्सिपल मॅडम, एक बंगाली मॅडम, एक केरळचे सर, आयटीतली नोकरी सोडून शिकवायला आलेला एक तरुण सर आणि मिरजेची मी. लायब्ररीतल्या अम्मा समितीवर नव्हत्या. त्या फक्त पुस्तकांचे गठ्ठे आणून टेबलावर ठेवत आणि नापास झालेले गठ्ठे परत नेत. बोलत काहीच नसत. गेली अनेक वर्षं त्या अशा समित्या बघत आल्या आहेत.

मी इंग्रजी साहित्य शिकवते हे मिरजेत अजून कुणाला फारसं पटलेलं नाही. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, तोवर माझी पाटी कधीच पुसून झाली होती. साहित्य म्हणजे ‘२१ अपेक्षित’मध्ये जे असतं ते, असा माझा पक्का समज होता. शेक्सपिअरशी ओळख झाली तीही आपल्या माणसांमार्फत. आधी देवलांचं ‘झुंझारराव’ वाचलं. पुढं कॉलेजात ‘ऑथेल्लो’ हातात पडलं तेव्हा देवलांचं नाटक कुणीतरी बऱ्यापैकी इंग्रजीत उतरवलंय असं वाटलं. आगरकरांचं ‘विकारविलसित’ आधी वाचल्यामुळं हॅम्लेटच्या बाबतीतही तोच घोटाळा. राणी चन्नम्मा एक्सप्रेस मिरजेहून माणसाला एका रात्रीत बंगळुरात आणून सोडते, पण असले घोटाळे उतरवून ठेवायला तिच्यात वेगळा डबा नसतो.

समितीत प्रत्येकानं आपापलं बालपण सोबत आणलं होतं. बंगाली मॅडमना टागोर हवेच होते. केरळच्या सरांना डिकन्स हवा होता, कारण त्यांना तो छडी खात शिकवला गेला होता आणि त्यांचं काहीही बिघडलेलं नव्हतं. तरुण सरांना ग्राफिक नॉव्हेल हवी होती. प्रिन्सिपल मॅडमना फक्त ‘पालकांना चालेल असं’ काहीतरी हवं होतं.

मग पालकांना काय चालणार नाही याची यादी सुरू झाली. भूत नको, मुलं झोपत नाहीत. मृत्यू नको, मुलं खचतात. प्रेम नको, मुलं खचत नाहीत. दारू नको, शिकार नको, देव नको, देव नाही असं म्हणणारा तर अजिबात नको. तासाभरानं एवढं काही गळलं होतं की जगाच्या साहित्यात हवामान आणि झाडं एवढंच उरलं. त्यातून सगळ्यांच्या पसंतीला उतरले ते रस्किन बाँड. रस्किन बाँड म्हणजे अभ्यासक्रमातली साबुदाण्याची खिचडी. उपासाला चालते, डब्याला चालते, आजारी माणसालाही चालते आणि कुणाच्याच धर्माच्या आड येत नाही.

झाडं म्हटल्यावर वर्ड्सवर्थचे डॅफोडिल्स ओघानंच आले. इंग्लंडातली ही फुलं न पाहताच आपल्याकडच्या कित्येक पिढ्या त्यांच्यावर दहा ओळींचं रसग्रहण लिहून पास झाल्या. मी म्हटलं, इथं फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्यारस्त्यावर टॅबेबुया पिवळाधमक आणि गुलाबी फुलतो, मुलांना त्याच्यावर लिहू दे. तरुण सर फोनवर बघून म्हणाले, “मॅम, टॅबेबुयापण दक्षिण अमेरिकेतून आलाय.” मग ‘कुठलं फूल आपलं’ यावर चाळीस मिनिटं गेली. गेटबाहेरच्या फूलवालीनं हा प्रश्न चार सेकंदांत सोडवला असता. जे गजऱ्यात जातं ते आपलं.

मग आला शेक्सपिअर. पुढं बोर्डात येतोच, तर आठवीत संक्षिप्त ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ ठेवून सवय लावावी, असं केरळच्या सरांचं मत. आमच्याकडं ते आधीपासूनच आहे, आणि बंगळुरातल्या वर्गात ते शिकवण्याचा अनुभव मी गाठीला बांधून आहे. मुलांचे आईवडील दिवसभर फंडिंगबद्दल बोलत असतात. त्यामुळं बसानिओ पोर्शियाकडं जायला पैसे मागतो हे सांगताच मागच्या बाकावरून आवाज आला, “म्हणजे पिच करायला सीड मनी.” अँटोनिओची जहाजं वेगवेगळ्या बंदरांना गेली आहेत म्हटल्यावर एका मुलीनं मान डोलावली. “डायव्हर्सिफाय केलंय, पण इन्शुरन्स नाही.” तीन हजार डुकाट, तीन महिन्यांची मुदत, व्याज शून्य आणि तारण एक पौंड मांस. “साधारण साडेचारशे ग्रॅम,” गणितात हुशार असलेल्यानं लगेच सांगितलं. एकानं अत्यंत गंभीरपणे विचारलं, “मॅम, आम्ही घरी प्युअर व्हेज आहोत. हा प्रश्न ऑप्शनला टाकला तर चालेल?”

मी रंगात येऊन शायलॉकचं दुःख समजावून सांगत होते. ज्याच्यावर जन्मभर लोक थुंकले तो माणूस सूड मागतो तेव्हा दोष नेमका कुणाचा, वगैरे. वर्ग खरोखर शांत झाला होता. तेवढ्यात पहिल्या बाकावरून तो प्रश्न आलाच. गेली वीस वर्षं तो माझ्या प्रत्येक चांगल्या वाक्याच्या पाठोपाठ येतो. “मॅम, हे परीक्षेला येणार का?” येणार म्हटलं की मुलं वहीत लिहून घेतात आणि ऐकायचं थांबतात. नाही म्हटलं की लिहायचंही थांबतात. मी हल्ली “बघू” म्हणते. आमच्या घरात लग्नाच्या स्थळांना हेच उत्तर द्यायचे.

पोर्शियाचं दयेवरचं भाषण आणखी एका ठिकाणी भेटलं. आमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी सरकारी शाळेत, कन्नड माध्यमात दहावीला होती. राज्य बोर्डाच्या तिच्या इंग्रजीच्या पुस्तकात ते भाषण कविता म्हणून होतं. लाखभर फी घेणाऱ्या शाळेत जे नाटक मी प्रोजेक्टरवर दाखवत होते, त्याचाच तुकडा ती आमच्या ओट्याला टेकून घडाघडा म्हणत होती. एकही शब्द चुकला नाही. म्हणून झाल्यावर मी तिला पुढची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “म्हणजे ती बाई एवढं बोलते तरी तो माणूस ऐकत नाहीच?” म्हटलं, “नाही ऐकत.” “मग एवढं पाठ कशाला करायचं, अक्का?” शेक्सपिअरवरच्या इतक्या टीकेत हा प्रश्न मी तरी वाचलेला नाही. माझ्याकडं उत्तर नव्हतं, म्हणून तिला म्हटलं, “परीक्षेला येतं.”

तिच्याच पुस्तकात आर. के. नारायणांचा स्वामीही होता. वडील पैजेवर त्याला त्यांच्या ऑफिसच्या खोलीत एकट्याला झोपायला लावतात आणि भेदरलेला स्वामी नकळत चोर पकडतो, ती गोष्ट. तिला ती पहिल्या फटक्यात कळली होती. आमच्या आठवीत मी ती वाचून दाखवली तर पहिली शंका अशी, “आजीजवळ का झोपतो? त्याला स्वतःची रूम नाही?”

समितीत नारायणांचं नाव निघालं तेव्हा माझी कळी खुलली. मालगुडी जन्मलं ते याच गावात. १९३० साली आजीनं चांगला मुहूर्त काढून दिला, नातवानं नवी वही आणली आणि बंगळुरातल्या घरात पेन चघळत बसलेला असताना त्याला मालगुडीचं रेल्वे स्टेशन दिसलं. मालगुडी म्हणजे मल्लेश्वरम अधिक बसवनगुडी, असं इथली माणसं छातीठोकपणे सांगतात. त्याला पुरावा नसला तरी मल्लेश्वरमच्या माणसापुढं असं बोलू नये, कॉफी मिळत नाही.

पण याच माणसाचा शाळेशी झालेला व्यवहार बघा. वडील हेडमास्तर आणि मुलगा कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत नापास. वर्षभर घरी बसून हवं ते वाचत राहिला. पुढं चन्नपट्टणच्या सरकारी शाळेत मास्तर झाला. एके दिवशी हेडमास्तरांनी कवायतीच्या मास्तरांच्या जागी उभं राहायला सांगितलं तेव्हा नोकरीच सोडून आला. आमच्या शाळेत बदली तासाचा कागद येतो तेव्हा मला दरवेळी चन्नपट्टण आठवतं. मग घराचा हप्ताही आठवतो आणि मी निमूटपणे शिट्टी उचलते. राज्यसभेवर नेमणूक झाल्यावर नारायण १९८९ साली तिथं बोलले ते पोरांच्या पाठीवरच्या दप्तराच्या ओझ्याबद्दल. पुढं यशपाल समिती नेमली गेली आणि १९९३ मध्ये ‘ओझ्याविना शिक्षण’ नावाचा तिचा अहवाल आला. आज नारायण स्वतःच दप्तरात आहेत. वर्कबुकसकट भरतात साधारण तीनशे ग्रॅम.

“पण हा सगळा भूतकाळ झाला,” तरुण सर म्हणाले. “आपल्या वर्गात अडतीस मुलं आणि अकरा मातृभाषा. त्यांना नेमकं कुठलं इंग्रजी द्यायचं?”

इथं माझ्यातली मिरज उसळली. म्हटलं, हा प्रश्न या गावात साडेतीनशे वर्षांपूर्वीच सुटलाय. शहाजीराजांची जहागीर बंगळुरात असताना जयराम पिंड्ये नावाचा कवी त्यांच्या दरबारात आला आणि त्यानं राजांपुढं बारा नारळ ठेवले. बाराच का, असं विचारल्यावर म्हणाला, बारा भाषांत कविता करतो. लगेच तोंडी परीक्षा सुरू झाली. दरबाऱ्यांनी समस्या घालायच्या आणि यानं त्या पुऱ्या करायच्या. त्याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त हे सगळं आलं आहे आणि इतिहासाचार्य राजवाड्यांनी ते संपादून छापलं आहे. आपणही एकेका मुलाकडून त्याच्या घरची गोष्ट मागवू, ती त्यानं इंग्रजीत सांगायची.

टेबलाभोवती शांतता पसरली. मला वाटलं, जिंकले. प्रिन्सिपल मॅडमनी चष्मा काढला आणि विचारलं, “नारळ शाळेनं द्यायचे की मुलांनी आणायचे?”

संध्याकाळी साडेचारला यादी तयार झाली. संक्षिप्त शेक्सपिअर, एक डिकन्स, एक टागोर, दोन रस्किन बाँड, डॅफोडिल्स आणि स्वामी. गेल्या वर्षीची यादी अगदी हीच होती. फरक पडला तो मथळ्यात. शहराचं नाव सरकारदरबारी १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, आमच्या यादीवर मात्र अजून ‘बँगलोर’ होतं. ते खोडून ‘बेंगळुरू’ केलं आणि सात तासांनी, एकमतानं, अभ्यासक्रमात सुधारणा झाली. “स्वल्प अड्जस्ट माडि,” घरी जाताना प्रिन्सिपल मॅडम माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या. थोडं सांभाळून घ्या.

नापास झालेल्या पुस्तकांचा शेवटचा गठ्ठा अम्मा घेऊन गेल्या. त्यात भुतं होती, खून होते, एक म्हातारा समुद्री चाचा होता, एका चित्रकथेतला दाढीवाला सुपरहिरो होता आणि चर्च स्ट्रीटवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मी स्वतःच्या पैशानं आणलेल्या शशी देशपांड्यांच्या कथाही होत्या. सोमवारी बघते तर लायब्ररीच्या दाराशी एका फळीवर ही सगळी मंडळी उभी आणि वर अम्मांच्या अक्षरात इंग्रजी आणि कन्नडमध्ये पाटी: ‘ही पुस्तकं परीक्षेला येणार नाहीत’.

बुधवारपर्यंत फळी अर्धी झाली, शुक्रवारी रिकामी. मधल्या सुट्टीत पहिल्या बाकावरचा तो मुलगा मला जिन्यात गाठून म्हणाला, “मॅम, खरंच येणार नाही ना? प्रॉमिस?” हातात भुतांचं पुस्तक होतं, मधे बोट घातलेलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच मी “बघू” म्हटलं नाही. “नाही येणार,” मी म्हणाले. तो जिन्यातच बसला आणि घंटा झाली तरी उठला नाही. मीही त्याला उठवलं नाही, आणि मास्तरकीच्या नोकरीत एवढं बंड पुरे झालं.

व्हायचं तेच झालं. रिकामी फळी प्रिन्सिपल मॅडमच्या नजरेला पडली. त्या मनापासून खूश झाल्या. “किती छान वाचताहेत मुलं! पुढच्या वर्षापासून याला वीस गुण ठेवू या. प्रत्येक पुस्तकामागं एक वर्कशीट. तुम्हीच काढा.” अम्मा तिथंच शिक्के मारत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण शिक्का थोडा जोरात पडला.

दुसऱ्या दिवशी ती पाटी गेली आणि तिथं नवी आली: ‘बाइंडिंगला जाणारी पुस्तकं. कृपया हात लावू नये’.

मधल्या सुट्टीत लायब्ररीच्या दारात रांग होती. सगळ्यात पुढं उभा असलेला मुलगा टेबलावर ओणवून, आवाज अगदी खाली आणून, अम्मांना विचारत होता, “अम्मा, फाटलेलं काही नवीन आलंय का?”