तारीख नाही, क्रम आहे

असा एक तुमच्याही नात्यात असेलच. आमचे कोचसाहेब वर्ध्याचे. पुण्याच्या एका आयटी कंपनीत अ‍ॅजाइल कोच, म्हणजे सॉफ्टवेअरच्या टीमला कामाचं नियोजन शिकवणारे, आहेत आणि लॉकडाऊनपासून घरूनच काम करतात. त्यांना ‘कधी?’ एवढं सोडून काहीही विचारा.

आईनं विचारलं, ‘‘दळण कधी आणतोस?’’

‘‘आई, तारीख नाही, क्रम आहे.’’

सकाळी दळण चौथ्या क्रमांकावर होतं, संध्याकाळी सातव्यावर गेलं. रात्री सगळ्यांनी भात खाल्ला. हिंगणघाटहून स्थळ घेऊन आलेल्या मामांनी साखरपुड्याचं विचारलं, त्यांनाही हेच उत्तर मिळालं. मामांनी दोन गोरसपाक खाल्ले आणि मिळेल त्या एसटीनं परत गेले.

पूर्वी हे असे नव्हते. दर दहा-बारा आठवड्यांनी कंपनी शंभरेक माणसं एका हॉलमध्ये दोन दिवस कोंडायची. भिंतभर चिठ्ठ्या लागायच्या, कोणाचं काम कोणावाचून अडणार ते दाखवायला लाल दोरे ताणले जायचे आणि शेवटी प्लॅनवर भरवसा किती, हे प्रत्येकानं हाताची बोटं वर करून सांगायचं. बहुतेक जण चार दाखवायचे. तिसऱ्या आठवड्यात ग्राहकाचं मन फिरलं की दोरे कचऱ्यात! मग कंपनीनं ठरवलं, आता नियोजन रोजचं. यादी कायम उघडी. वरची कामं बारकाईनं ठरवायची, खालची ढोबळ, आणि हात रिकामा झाला की वरचं काम उचलायचं. 2001 साली अमेरिकेतल्या यूटामध्ये 17 जणांनी अ‍ॅजाइलचा जाहीरनामा लिहिला, तेव्हाच आराखड्यापेक्षा बदलाला मान दिला होता. मला पटतं. पावसानं दडी मारली की दुबार पेरणी करणाऱ्या जिल्ह्याला हे कोणी शिकवायला नको. फक्त वरचं काम उचलावंही लागतं. साहेब यादीच लावत बसतात.

मागच्या पोळ्याला ते सिंदी रेल्वे या गावी गेले. तिथला तान्हा पोळा म्हणजे घराएवढे लाकडी नंदी! साहेबांनी नंदीच्या कामाच्या चिठ्ठ्या भिंतीवर लावल्या आणि मिरवणुकीचा विषय निघताच तोंड उघडलं, ‘‘तारीख नाही...’’

‘‘तारीख नाही म्हंजे काय बे?’’ एक म्हातारा कडाडला. ‘‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. रंग वाळला नाही तं ओलाच निघन नंदी!’’

रात्री नंदीच्या पायाशी बसून आमचा कोच मला म्हणाला, ‘‘काका, त्या दोन दिवसांतला प्लॅन भंपकच असायचा. पण इंदूरचे, चेन्नईचे लोक यायचे. वर्षभर ज्याचा नुसता आवाज ऐकला, तो जेवणाच्या रांगेत पुढे उभा असायचा. आता यादी रोज हलते, भेटत कोणीच नाही.’’ हॉल भरवणं हेच त्याचं खरं काम होतं. आता कोच कशाला हवा, असं कंपनी विचारते आहे. एवढं सांगून त्यानं ब्रश उचलला आणि दोन वाजेपर्यंत मागचा पाय रंगवला. चांगला रंगवला, हे मान्य करावं लागेल.

सकाळी नंदी ओलाच निघाला. पोरांच्या हातांना पिवळा रंग, साहेबांच्या कंपनीच्या टीशर्टला त्याहून जास्त. पुढच्या वर्षीचं रंगकाम समितीनं त्यालाच दिलं आहे. भरवसा किती, म्हणून त्यानं तिथल्या तिथे बोटं वर करायला लावली. म्हाताऱ्यानं दोन दाखवली, तीही तंबाखू मळणाऱ्या हाताची.