घरच्या साउंड सिस्टिमची राजूर-नियमावली

ही नियमावली वणी तालुक्यातल्या राजूर येथील, कोळशाची खाण आणि चुनाभट्ट्या यांच्या शेजारी राहणाऱ्या, दहा बाय दहाची खोली आणि तीत न मावणारी मते बाळगणाऱ्या सर्व श्रोत्यांस लागू राहील. सध्या असे एकच श्रोते ज्ञात आहेत. ते माझे भाटवे, म्हणजे बहिणीचे यजमान होत.

कलम १. सिस्टिममध्ये सर्वांत महत्त्वाचे काय? जे अजून विकत घ्यायचे राहिले आहे, ते. कॅसेटच्या काळात भाटव्यांच्या मते सगळा खेळ डेकचा होता. सीडी आली तसा तो प्लेअरचा झाला, मग अ‍ॅम्प्लिफायरचा. हल्ली वायरीचा आहे.

कलम २. खोक्यावरचा आकडा वाचू नये. खोक्यावर ५००० वॉट पीएमपीओ आणि मागे १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर असेल तर गुणाकार करावा. २४ येतात. उरलेले वॉट छापखान्यात तयार झालेले असतात. वाचायचाच तर स्पीकरच्या मागचा डेसिबलचा आकडा वाचावा. ९२ डेसिबलच्या स्पीकरला जे काम २५ वॉटमध्ये जमते, त्यासाठी ८६ डेसिबलवाल्याला १०० वॉट लागतात. हे मी भाटव्यांना कागदावर लिहून दिले होते. त्या कागदावर त्यांनी पुढच्या अ‍ॅम्प्लिफायरची किंमत लिहिली.

कलम ३. श्रोत्याने खोलीच्या बरोबर मधोमध बसू नये. भाटवे टेप धरून बरोबर मधोमध बसतात. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच, म्हणजे ठोकळाच. अशा खोलीत ५६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज तिन्ही दिशांनी एकाच वेळी घुमतो. भिंतींशी फुगतो आणि ऐन मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून मध्यावर बसलेले भाटवे ओरडतात, "बेस येऊनच नाही राहिला, बाप्पा!" आणि भिंतीपलीकडून माझी बहीण ओरडते, "इथं गंजावरचं झाकण नाचून राहिलं, अन् यायले बेस पाहिजे!" दोघेही खरे बोलतात. उपाय फुकट आहे: दिवाण दोन फूट मागे सरकवणे. पण फुकटचा उपाय भाटव्यांना उपाय वाटतच नाही. त्यांनी सबवूफर आणला आणि कोपऱ्यात ठेवला. कोपऱ्यात बेस आणखी वाढतो. आता दोन झाकणे नाचतात.

कलम ४. नवे यंत्र आणण्यापूर्वी लाल वायर लालमध्ये आणि काळी काळ्यात आहे ना, ते पाहावे. दोनपैकी एका स्पीकरची उलटी लागली की दोघांचा बेस एकमेकांना खाऊन टाकतो. एवढेच.

कलम ५. भिंतीचा घुमारा मारायला फोम मागवू नये. यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात राहून फोम विकत घेणे ही लाजेची गोष्ट आहे. समोरच्या भिंतीला जाड कापसाची गादी टेकवावी, गाण्याचे शब्द लगेच मोकळे होतात. बेस मात्र गादीला जुमानत नाही.

कलम ६. स्पीकर धुळीपासून जपावा. राजुरात धूळ दोन रंगांची, कोळशाची काळी आणि चुन्याची पांढरी. त्यामुळे बहिणीने क्रोशाचे रुमाल घातले, ते बरोबरच. पण गाणे लावताना ट्विटरवरचा रुमाल काढावा. पारख खंजिरीवर करावी. तुकडोजी महाराजांमुळे खंजिरीचा आवाज इकडच्या कानात इतका मुरला आहे की तिच्या चकत्या वेगवेगळ्या वाजतात की नुसताच खरखराट होतो, हे शेंबडे पोरही सांगेल.

कलम ७. वायर. २.५ चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या वायरीचा पंधरा फुटांचा रोध जाऊन-येऊन ओहमच्या दहाव्या भागाहूनही कमी. स्पीकर आठ ओहमचा. फरक ऐकू येणार नाही. म्हणजे क्रम असा: आधी खोली आणि बसायची जागा, मग स्पीकर, मग बाकी सगळे, आणि सर्वांत शेवटी वायर. हे मी ठासून सांगितले. भाटव्यांनी मान डोलावली, डोळे मिटले आणि म्हणाले, "तुले नाही समजत." खरे सांगायचे तर लताबाईंचे गाणे लागल्यावर तो माणूस जसा बसतो, तसे मला आयुष्यात बसता आलेले नाही. पण म्हणून काय वायरीवर इतके पैसे घालवायचे?

नवी वायर मागवून झाली आहे. रविवारी ती छताकडून ओढायची आहे आणि शिडी धरायला मला बोलावले आहे. बहीण गोळाभात करणार आहे, तेव्हा जाणारच. भाटवे शिडीवर असतानाच मी दिवाण सरकवून घेईन. श्रेय वायरीला जाईल, जाऊ दे.