चौदा गुण जुळले

एडिसन, न्यू जर्सी
भाऊबीज

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही तीनदा विचारलंत, "शॉवर बसला का?" आणि मी तीनदा "आवाज तुटतोय" म्हणालो. आवाज चांगला खणखणीत येत होता. म्हणून आता लिहूनच कळवतो.

उन्हाळ्यात आला होतात तेव्हा आमचा शॉवर बघून तुम्ही म्हणालात, "ही धार आहे की सलाईन?" पुण्याला पोचल्या पोचल्या रविवार पेठेत जाऊन शॉवरची पितळी दांडी घेतलीत आणि शेजारच्या काकूंच्या बॅगेतून धाडलीत. पुडक्याच्या वजनावरून त्यांना आत डिंकाचे लाडू वाटले होते. सोबत तुमची चिठ्ठी : "अर्धा इंची आहे. अर्धा इंच जगात कुठेही अर्धाच इंच."

नरकचतुर्दशीला पहाटे पाच वाजता दोन्ही मुलांना तेल-उटणं लावून बाथरूमच्या दाराशी उभं केलं. जुनी गंजकी दांडी काढली आणि भिंतीतल्या एल्बोत तुमची घातली. पहिले दोन आटे अशी गेली, जणू माहेरीच निघाली आहे. तिसऱ्याला अडली. टेफ्लॉन टेप गुंडाळली, मग आणखी गुंडाळली, मग पान्हा लावून जोर केला. चावी उघडली तर अर्धं पाणी शॉवरातून आणि अर्धं आट्यांतून थेट भिंतीत. इथल्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेले जिप्समचे बोर्ड. पाणी त्यांना अजिबात मानवत नाही. थोड्याच वेळात खाली जेवणाच्या टेबलावरच्या छताला डाग पडला. हिने खालून हाक मारली. हाकेतले शब्द दिवाळीच्या पत्रात लिहिण्यासारखे नाहीत.

दुकान उघडताच दांडी घेऊन गेलो. तिथल्या म्हाताऱ्याने आट्यांवरून अंगठा फिरवला आणि एवढंच विचारलं, "इंडिया?"

तर बाबा, अर्धा इंच तुमच्याकडेही अर्धा इंच नाही आणि आमच्याकडेही नाही. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. आट्यांची बाहेरची जाडी मोजाल तर पुण्याची भरते जेमतेम 21, इथली 21.3. कोणे एके काळी ते आतल्या भोकाचं माप होतं, आता नुसतं बारशाचं नाव उरलंय. पण खरं भांडण कोनाचं आहे. 1841 साली इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थने आट्यांचा कोन 55 अंश ठरवला. 1864 साली आमच्यापासून तासा-सव्वा तासावरच्या फिलाडेल्फियात विल्यम सेलर्सने 60 अंश सुचवला. अमेरिकेने घरचा कोन धरला, आपल्याकडे साहेबाचा आला. साहेब गेला, कोन राहिला. शिवाय इथले आटे टोकाकडे निमुळते होत जातात. फिरवाल तसे पाचरीसारखे आवळतात, तेव्हा पाणी थांबतं.

मग दांडी दोन आटे गेलीच कशी? कारण इंचाला आटे दोघांचेही 14. म्हणजे पत्रिकेत 14 गुण जुळले आणि तेवढ्यावर मी लग्न लावायला निघालो. आई, अठराच्या खाली तू चहा-पोहेसुद्धा करू दिले नसतेस!

शेवटी मध्यस्थ घालावा लागला. बोटाच्या पेराएवढा पितळी जोड, एका तोंडाला अमेरिकन आटे, दुसऱ्याला आपले. दोन्ही घरची भाषा येणारा. गळती बंद झाली. फक्त दांडी आता भिंतीपासून इंचभर पुढे आली आहे. मागची गोल ताटली भिंतीला टेकत नाही, रुसलेल्या व्याह्यासारखी अधांतरी उभी असते. हा इंच मात्र अस्सल आहे, मी मोजला.

आणि एवढं करून धार तेवढीच! दोष दांडीचा नव्हताच. मिनिटाला अडीच गॅलन, म्हणजे साडेनऊ लिटरच्या वर पाणी सोडणारा शॉवर या देशात विकायलाच बंदी आहे. मुलांचं अभ्यंगस्नान टबाच्या नळाखाली बादली लावून, स्टीलच्या तांब्याने झालं. त्यांना तेच आवडलं. रोज मागतात.

बाकी सर्व क्षेम. छताला रंग द्यायचा आहे.

तुमचा,
बंड्या

ता. क. : यापुढे बॅगेतून काय वाटेल ते पाठवा, फक्त ज्याला आटे आहेत असं काही पाठवू नका. अपवाद एकच, आईचा चकलीचा पितळी सोऱ्या. त्याला आटे असले तरी दांडा आणि भांडं दोन्ही पुण्याचीच आहेत.