अर्ध्या गुणाचं शास्त्र

बायकांना फॉर्म्युला वनमध्ये पुरुषांच्या बरोबरीनं गाडी हाकता येईल का, या प्रश्नावर बोलायचा आमच्याइतका अधिकार कुणालाच नाही. एक तर आम्ही पुरुष आहोत, आणि दुसरं म्हणजे रविवारी संध्याकाळी सोफ्यावर आडवं होऊन शर्यत बघतो. सोफ्यावरून दिसणारं शास्त्र स्पष्ट आहे : बाईला हे जमणे नाही. फक्त कारण दर काही वर्षांनी नवं शोधावं लागतं, एवढाच व्याप.

पहिलं कारण ताकदीचं. वळणावर वजनाच्या पाचपट जोर अंगावर येतो, मान ताठ धरावी लागते, हे नाजूक जिवाचं काम नव्हे. (फॉर्म्युला वनच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग असतं आणि खालच्या टू-थ्रीच्या गाड्यांना नसतं, हा तपशील आम्ही चारचौघांत काढत नाही.) हे कारण छान चाललं होतं. पण २००५ साली डॅनिका पॅट्रिक इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत उतरली आणि चक्क चौथी आली. त्याच सुमारास रॉबी गॉर्डन या ड्रायव्हरनं तक्रार केली, की ही पंचेचाळीसेक किलोंची, हिची गाडी हलकी पडते, हा आमच्यावर अन्याय आहे! म्हणजे बाई नाजूक म्हणून मागे पडते आणि नाजूक म्हणूनच पुढे जाते. दोन्ही एकदम खरं मानता आलं पाहिजे. त्यासाठी मात्र पुरुषाचीच छाती लागते. पुढे २००८ मध्ये तिनं जपानमध्ये मोतेगीला इंडीकारची शर्यत जिंकली. पण ती इंधन राखून जिंकली. पुरुषानं इंधन राखलं तर ते डावपेच. तिनं राखलं, तर नशीब.

ताकदीचं कारण असं डळमळल्यावर सर स्टर्लिंग मॉस धावून आले. सोळा ग्रां प्री जिंकलेला माणूस. २०१३ मध्ये ते म्हणाले, की बायकांत ताकद असेल, पण चाकाला चाक भिडवून झुंजण्याची मानसिक ठेवण असेल असं वाटत नाही. आता त्यांची सख्खी बहीण पॅट मॉस. १९६० साली लिएज-रोम-लिएज ही दिवसरात्र चालणारी, गाड्या आणि माणसं दोन्ही मोडून काढणारी रॅली तिनं जिंकली होती. तीही बायकांच्या गटात नव्हे, सगळ्यांत पहिली येऊन. आणि शेजारी बसलेली सहकारी, ॲन विज्डम, हीसुद्धा बाईच. घरातच एवढा पुरावा असून मॉससाहेब मतापासून ढळले नाहीत. निष्ठा म्हणतात ती हीच. मिशेल मूतोंचं नाव आम्ही घेतच नाही. १९८२ च्या जागतिक रॅली मोसमात तिनं तीन रॅली जिंकल्या, विजेत्या वाल्टर रोर्लनं दोन. ती गुणांत दुसरी आली, तेव्हा कुठे आमचा जीव भांड्यात पडला.

मग बर्नी एक्लस्टन. फॉर्म्युला वनचे कैक वर्षांचे धनी. २०१६ मध्ये त्यांनी सांगून टाकलं, की बायकांना ही गाडी शारीरिकदृष्ट्या वेगानं चालवता येणार नाही, आणि त्यांना कुणी गंभीरपणे घेणारही नाही. अधिकारवाणीच ही. कारण १९५८ च्या मोनाको ग्रां प्रीत बर्नी स्वतः पात्रता फेरीत उतरले होते आणि शर्यतीत जागा मिळवू शकले नव्हते. त्याच फेरीत इटलीच्या मारिया तेरेसा दे फिलिपिस यांनाही जागा मिळाली नाही. पुढचा फरक किरकोळ आहे : बाई त्याच वर्षी बेल्जियमला शर्यतीत उतरून दहाव्या आल्या आणि बर्नी उभ्या जन्मात एकाही ग्रां प्रीच्या सुरुवातीच्या रेषेवर उभे राहिले नाहीत. तात्पर्य, कोणाला जमतं आणि कोणाला नाही, हे बर्नींनी ठरवायचं. त्याच साली फ्रान्समध्ये एका अधिकाऱ्यानं या बाईंना सुनावलं होतं, की बाईच्या डोक्यावर शोभतं ते एकच हेल्मेट, केस वाळवायच्या दुकानातलं. ही आठवण बाईच पुढे सांगत असत.

पण आमचा सर्वांत लाडका पुरावा १९९२ चा. जोव्हाना अमाती ही इटालियन बाई ब्रॅबम संघाची गाडी घेऊन तीन वेळा पात्रता फेरीत उतरली आणि तिन्ही वेळा बाद झाली. झालं, सिद्ध झालं! संघानं तिला काढून एका पुरुषाला बसवलं. तोही सलग पाच वेळा बाद झाला. आठ प्रयत्नांत शर्यत मिळाली दोनदा. तेव्हा मात्र जाणकारांना साक्षात्कार झाला, की गाडीच भंगार आहे. त्या पुरुषाचं नाव डेमन हिल, १९९६ चा जगज्जेता. अमातीला फॉर्म्युला वनमध्ये पुन्हा कुणी विचारलं नाही.

आता हिशेब. जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीत आजवर सुरुवात केलेले पुरुष सातशेच्या वर. त्यातल्या निम्म्याहून अधिकांनी एकही गुण मिळवला नाही. यावरून पुरुषांना गाडी चालवता येत नाही, असं कुणी म्हणत नाही. सुरुवात केलेल्या बायका दोन. दे फिलिपिस आणि लेला लोंबार्डी, वडिलांच्या मांसाच्या दुकानाची व्हॅन चालवत हात बसलेली. १९७५ मध्ये स्पेनला लेला सहावी आली. अपघातात माणसं दगावल्यानं शर्यत मध्येच थांबवली, म्हणून गुण अर्धा. दोन बायकांत अर्धा गुण. सरासरी काढून बघा, पुरुषांच्या निम्म्या मंडळींपेक्षा बरी भरते. म्हणून आम्ही सरासरी काढत नाही.

हल्ली बायकांसाठी वेगळ्या मालिका काढल्या आहेत, ही सोय उत्तम. २०१९, २०२१ आणि २०२२ अशा तिन्ही मोसमांत डब्ल्यू सिरीज जेमी चॅडविकनं जिंकली. शाळेत पहिला नंबर काढणाऱ्या पोरीला बक्षीस म्हणून पुन्हा त्याच इयत्तेत बसवावं, तसं तिचं झालं. मग पैसे संपून शाळाच बंद पडली. पैसा हेच खरं कारण, असं काही आगाऊ लोक म्हणतात : सहा-सात वर्षांच्या वयात कार्टिंग सुरू करावं लागतं, पुढे खर्च कोटींत जातो, आणि तो बाप पोरावर करतो, पोरीवर नाही. आम्हाला हे पटत नाही. पटलं तर शास्त्राचं काय करायचं?

त्यात पुण्याची डायना पंडोल. शिक्षिका, दोन मुलांची आई. २०२४ मध्ये पुरुषांशी एकाच शर्यतीत झुंजून तिनं राष्ट्रीय सलून गाड्यांचं अजिंक्यपद घेतलं. पुण्यात बाईनं गाडी काढली की मागून शेरे मारणारी जी मंडळी आहेत, त्यांचा तरी विचार तिनं करायला हवा होता.

तेव्हा वाचकांना कळकळीची विनंती. आपल्या घरी सहा-सात वर्षांची मुलगी कार्टिंगचा हट्ट धरून बसली असेल, तर तिला ताबडतोब भरतनाट्यमच्या वर्गात घाला आणि तो पैसा मुलावर लावा, मग त्याला गाडीची भीती वाटत असली तरी चालेल. १९७६ च्या ऑस्ट्रियन ग्रां प्रीनंतर एकाही बाईला जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीच्या सुरुवातीला उभं राहू न देता आम्ही हा सिद्धांत टिकवून धरलाय. आपलं सहकार्य असंच लाभू द्या.